ओटी पिवळी, पाणी पांढरं: लातूरजवळच्या एका पोहण्याच्या तलावाचं प्रकरण

लातूर शहरापासून गाडीने अर्ध्या तासावर हे कृषी पर्यटन केंद्र आहे. हिवाळ्यात हुरडा, उन्हाळ्यात पोहण्याचा तलाव. मधल्या काळात फारसं कुणी फिरकत नाही. तलाव १४ मीटर लांब, ६ मीटर रुंद, उथळ टोकाला ९० सेंटिमीटर आणि खोल टोकाला दीड मीटर. सरासरी खोली १.२ मीटर धरली की पाणी होतं एक लाख लिटर, वर थोडं. मालक मात्र इतके दिवस "ऐंशी हजारांचा टँक" म्हणत होते आणि औषधाचा सगळा हिशेब त्याच आकड्यावर चालला होता. टेप लावून मोजायला पाच मिनिटं लागतात, पण ती कुणी लावत नाही.

एप्रिलच्या मध्यावर, सुट्ट्यांच्या तोंडावर, पाणी ताकासारखं पांढुरकं झालं. शिडीच्या मागे आणि कोपऱ्यांत हिरवट झाक, खोल टोकाला तळाची जाळी दिसेना. वास मात्र सणसणीत, डोळे चुरचुरावेत असा. "क्लोरीन जास्त झालंय सर, वास बघा की," असं मालकांचं म्हणणं, म्हणून त्यांनी आठवडाभर डोस अर्ध्यावर आणला होता. पाणी आणखी बिघडलं. मग एकाने सांगितलं फिल्टरची वाळू बदला, दुसऱ्याने सांगितलं तुरटी फिरवा. शेवटी ओळखीतून टीसीएल पावडरची, म्हणजे ब्लीचिंग पावडरची, अर्धी गोणी आली, ती बादलीत कालवून ओतली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी आदल्या दिवसापेक्षा पांढरं. तेव्हा मला बोलावलं.

तलावाची रोजची देखभाल ज्यांच्याकडे आहे त्यांना तिथे सगळे मामा म्हणतात. मामांनी उमेदीची वर्षं गावच्या पाणीपुरवठ्यावर काढलेली. टाकीत टीसीएल टाकायची, शेवटच्या नळावर जाऊन ओटी टेस्ट (ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकून क्लोरीनची तपासणी) घ्यायची, पिवळं आलं की वहीत नोंद करायची. तोच रिवाज त्यांनी इथेही चालू ठेवला होता. "रोज बघतो की सर. पिवळं येतंय. क्लोरीन हाय." वहीही दाखवली. खरंच, एक दिवस चुकलेला नव्हता.

आधी दार बंद

शनिवारी एका मोठ्या कुटुंबाचं बुकिंग होतं आणि मालकांची इच्छा अशी की निदान उथळ भाग तरी चालू ठेवावा. ते होणार नव्हतं. तळाची जाळी काठावरून स्पष्ट दिसत नसेल तर तलावात कुणालाही उतरू द्यायचं नाही. जंतूंचा मुद्दा नंतरचा. बुडणारा माणूस वरून दिसणारच नाही हा पहिला. गढूळ पाण्यात तळाशी गेलेलं पोर शेजारी पोहणाऱ्यालाही दिसत नाही. फाटकाला कुलूप लावलं, मालक नाराज झाले, बुकिंग पुढे ढकललं गेलं.

दुसरी गोष्ट औषधांच्या खोलीत दिसली. एका फळीवर टीसीसीएच्या (ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक ॲसिड, तलावात टाकायचं घट्ट क्लोरीन) गोळ्यांचा डबा, शेजारी टीसीएलची गोणी आणि दोन्हींत फिरणारा एकच प्लास्टिकचा मग. त्या मगाच्या तळाशी दोन्हींची पूड ओलसर होऊन चिकटलेली. हे दोन पदार्थ एकमेकांत मिसळले, त्यात थोडं पाणी लागलं, की जोरात उष्णता निघते, विषारी वायू सुटतात, आग किंवा स्फोटही होऊ शकतो. दोन्ही क्लोरीनचीच औषधं असल्यामुळे ती एकमेकांना चालतात असा समज सर्रास आहे. तो मग उघड्यावर, भरपूर पाण्याच्या बादलीत बुडवून मग टाकून दिला. गोणी दुसऱ्या खोलीत गेली. ॲसिडचे कॅन तिसरीकडे, कारण ॲसिड आणि कोणतंही क्लोरीन एकत्र आलं की थेट क्लोरीन वायू.

पिवळं कशाचं

मामांना म्हटलं, नेहमी घेता तशीच टेस्ट घ्या. त्यांनी नळी भरली, थेंब टाकले, हलवली आणि बिडी काढली. थेंब पडताक्षणी रंग अगदी फिकट, लिंबाच्या सालीपेक्षाही फिका. बिडी संपेपर्यंत तो गडद पिवळा झाला आणि मामांनी तो गडद रंग पट्टीशी लावून वाचला.

सगळं प्रकरण त्या चार-पाच मिनिटांत होतं. पाण्यातलं मोकळं क्लोरीन ओटीशी लगेच रंग देतं. घाम, लघवी, केसांचं तेल यांच्यातल्या नायट्रोजनशी जोडलं गेलेलं क्लोरीन, म्हणजे क्लोरामाइन, हळूहळू रंग देतं. थांबून वाचलेलं पिवळं म्हणजे दोन्हींची बेरीज. गावच्या टाकीत ही बेरीज चालून जाते, कारण तिथे पाण्यात माणसं उतरत नाहीत. तलावात जोडलेलं क्लोरीन जंतू मारायच्या कामात फार दुबळं असतं आणि डोळे झोंबवणारा तो वासही त्याचाच. म्हणजे वास आला म्हणून डोस कमी करणं ही उलटी चाल होती. मोकळं क्लोरीन आणखी कमी पडलं आणि शेवाळाला मोकळं रान मिळालं.

डीपीडी पावडर (ही क्लोरीनला गुलाबी रंग देते) आणि थेंब मोजून करायच्या किटने आकडे काढले. मोकळं क्लोरीन १.५ पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम), जोडलेलं २.५. जोडलेलं अर्ध्या पीपीएमच्या वर गेलं की मी पाणी आजारी समजतो. पीएच ७.९. कॅल्शियमचा कठीणपणा ६२०. बोअरच्या पाण्याचाच ४५० होता, काळ्या दगडातलं पाणी असंच असतं, बाकीची भर टीसीएलच्या चुन्याने आणि बाष्पीभवनाने घातलेली.

मग पांढरेपणाची छोटी परीक्षा घेतली. तलावाच्या पाण्याचे दोन काचेचे ग्लास भरून शेजारी ठेवले, एकात ॲसिडचे दोन-तीन थेंब टाकले. तो ग्लास थोड्या वेळात बराचसा निवळला, पण पूर्ण नाही. हिरवट धूसरपणा राहिला. निवळलं ते चुन्याचं, राहिलं ते शेवाळाचं. पीएच चढलेला, पाणी आधीच कठीण, त्यात टीसीएल. चुना खाली बसण्याऐवजी बारीक कणांनी तरंगत राहिला. टीसीएल पावडर ताजी असेल तर तिच्यात क्लोरीन साधारण एक तृतीयांश. बाकीचा भाग बहुतेक चुन्याचाच. पिण्याच्या पाण्यासाठी ती वापरताना कालवून, निवळू देऊन वरचं पाणी घ्यायचं असतं. मामांना हे ठाऊक होतं. पण त्या दिवशी मालक मागे उभे होते आणि घाई होती.

गोळ्यांनी मागे काय ठेवलं

शेवटची टेस्ट सायन्युरिक ॲसिडची. तळाला काळा ठिपका असलेली नळी, तिच्यात गढूळ होत जाणारं मिश्रण ओतत जायचं आणि ठिपका दिसेनासा झाला तिथला आकडा वाचायचा. नळीवर आकडे उलटे, मोठा आकडा खाली; ती १०० पर्यंतच मोजते आणि ठिपका त्या खुणेच्या फार आधीच गडप झाला. तलावाचं पाणी जारच्या पाण्यात निम्मं-निम्मं करून पुन्हा मोजलं तर ८० आलं, म्हणजे प्रत्यक्षात १६०.

हे ॲसिड कुणी वेगळं टाकलेलं नव्हतं. ते टीसीसीएच्या गोळीतच असतं. गोळीतून १० पीपीएम क्लोरीन मिळालं की त्यासोबत साधारण ६ पीपीएम सायन्युरिक ॲसिड पाण्यात उतरतं. उन्हाच्या दिवसांत उघड्या तलावाला रोज ३ पीपीएम क्लोरीन लागतं असं धरा, म्हणजे २०० ग्रॅमच्या दीड ते पावणेदोन गोळ्या. सायन्युरिक रोज १.८ ने वाढतं आणि नव्वद दिवसांत १६० च्या पुढे जातं. औषध पुरवणाऱ्याने गोळ्या दिल्या, पण हा हिशेब दिला नाही. क्लोरीन खर्च होऊन जातं. सायन्युरिक जात नाही. पाणी वाफ होऊन उडतं, ते मागे राहतं.

थोडं सायन्युरिक हवंच. त्याच्याशिवाय आपल्या उन्हात क्लोरीन तास-दोन तासांत बहुतेक संपतं. ३० ते ५० ठीक. पण ते जितकं जास्त, तितकं क्लोरीन त्याच्या पकडीत अडकून राहतं. तलाव सांभाळणाऱ्यांत रूढ असलेलं प्रमाण असं की मोकळं क्लोरीन सायन्युरिकच्या साडेसात टक्क्यांच्या खाली जाऊ द्यायचं नाही आणि शेवाळ मारायचं असेल तर ते ४० टक्क्यांपर्यंत चढवायचं. १६० ला साडेसात टक्के म्हणजे १२ पीपीएम. इथे होतं दीड. आणि मारण्याची पातळी ६४, जी गाठणं परवडत नाही आणि टिकवणं त्याहून नाही.

पुस्तकी उत्तर एका ओळीचं आहे: दोन तृतीयांश पाणी सोडून द्या. एप्रिलच्या मराठवाड्यात ६५ हजार लिटर पाणी सोडून द्या असं सांगणं तितकं सोपं नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये याच लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. ते गावातल्या कुणी विसरलेलं नाही. मालक म्हणाले, "सर, गावात अजून टँकर सुरू झाले न्हाईत. पण मी पाणी सोडलेलं दिसलं की उद्या पारावर हाच विषय." पैशापेक्षा हे खरं होतं.

म्हणून निम्म्यावर थांबायचं ठरलं. ५० हजार लिटर बदललं की सायन्युरिक ८० वर येतं. ते आदर्श नाही, पण ८० ला मारण्याची पातळी ३१-३२ पीपीएम आणि रोजची किमान ६, हे दोन्ही हातातले आकडे आहेत. उरलेलं पावसाळ्यावर सोडायचं. आणि जे पाणी काढायचं ते नुसतं काढायचं नाही: फिल्टरचा मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह 'वेस्ट'वर (पाणी वाळूतून न जाता थेट बाहेर) ठेवून व्हॅक्यूमने तळाचा गाळ ओढत ओढतच बाहेर सोडायचं, म्हणजे त्याच पाण्यात तळही साफ. बाहेर पडलेलं पाणी खड्ड्यात एक-दोन दिवस उन्हात ठेवलं. मग ते धुळीवर आणि कुंपणाच्या कडुनिंबांना गेलं. आंब्याच्या बागेला देऊ दिलं नाही. भरतीचं पाणी काही बोअरचं, काही टँकरचं, रात्री-रात्री.

डोस आणि गायब झालेला गुलाबी रंग

भरती झाल्यावर सायन्युरिक पुन्हा मोजलं, ८० च्या आसपासच आलं. मग पीएच. हे आधी उरकावं लागतं, कारण क्लोरीन १० पीपीएमच्या वर गेलं की पीएचच्या लाल थेंबांवर विश्वास ठेवता येत नाही, ते खोटं चढतं वाचन देतात. पंप चालू ठेवून, खोल टोकाला, पाण्यात ॲसिड असं थोडं थोडं दोन टप्प्यांत टाकलं आणि पीएच ७.३ वर आणला. इथे आळस केला तर पुढचा खर्च वाढतो. पीएच ७.५ ला मोकळ्या क्लोरीनचं निम्मंच जंतू मारण्याच्या दमदार रूपात असतं, ८ ला ते चतुर्थांशाच्याही खाली जातं. सायन्युरिक असलं की हा फरक थोडा बोथट होतो, पण चुना विरघळवायला पीएच उतरणं भागच होतं. एका दिवसात पांढरेपणा निम्मा गेला.

क्लोरीनसाठी गोळ्या नकोत, टीसीएल नको, लिक्विड हायपो (सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण). त्याने ना सायन्युरिक वाढतं ना चुना. एक लाख लिटरला १ पीपीएम म्हणजे १०० ग्रॅम क्लोरीन, आणि दहा टक्क्यांच्या हायपोच्या एका लिटरात साधारण तेवढंच असतं. सोपा हिशेब: एक लिटर, एक पीपीएम. पण हायपो उन्हात मरतं. इथले कॅन पत्र्याच्या शेडखाली होते, लेबलवर १२ टक्के लिहिलेलं. पिण्याच्या पाण्याचा वीस लिटरचा जार घेतला, इंजेक्शनच्या सिरिंजने त्यात दोन मिलिलिटर हायपो सोडलं, नीट हलवलं. हायपो दहा टक्के असतं तर जारमध्ये १० पीपीएम दिसायला हवं होतं. डीपीडीची पावडर टाकून, गुलाबी रंग जाईपर्यंत थेंब मोजले: तेरा थेंब, अर्धा-अर्धा पीपीएमचे. म्हणजे साडेसहा टक्के. लेबलच्या भरवशावर डोस दिला असता तर निम्माच पडला असता आणि पुन्हा सगळ्यांनी फिल्टरला शिव्या घातल्या असत्या.

३० पीपीएम चढवायला तीन किलो क्लोरीन, म्हणजे या हायपोचे ४६ लिटर. रिटर्नच्या तोंडापाशी (जिथून गाळलेलं पाणी तलावात परत येतं), वाऱ्याच्या दिशेला पाठ करून, हळूहळू ओतलं. ब्रशने भिंती घासल्या, शिडीमागे विशेष.

तासाभराने मामा पळत आले. "सर, क्लोरीन गेलं. पार गेलं." त्यांच्या हातात रंगाच्या पट्टीचा छोटा डीपीडी किट होता आणि नळीत पाणी स्वच्छ. मी म्हटलं, पुन्हा टाका आणि यावेळी नळीवरून नजर काढू नका. किटची गोळी नळीत पडली, क्षणभर गुलाबी चमकलं आणि विरून गेलं. क्लोरीन फार जास्त असलं की ते रंगालाच ब्लीच करतं. नळी शून्य दाखवते आणि माणूस आणखी एक कॅन ओततो. शेजारी ओटी लावून पाहिली तर ती पिवळी सोडून तांबूस-नारिंगी. रंगाचा किट या पातळीला वापरायचाच असेल तर तलावाचं एक माप पाणी आणि जारचं नऊ मापं पाणी घेऊन मोजावं आणि दहाने गुणावं. थेंब मोजायचा किट त्याहून बरा.

रात्रीचा हिशेब

पहिल्या काही तासांत क्लोरीन ३१ वरून १९ वर आलं. ते वाया गेलं नव्हतं; शेवाळ जळत होतं. पुन्हा साडेअठरा लिटर. हे असंच चालतं. पातळी पडली की लगेच वर न्यायची. संध्याकाळी एकदाच मोठा डोस मारून घरी जाण्याला शॉक देणं म्हणतात, पण पातळी खाली घसरू दिली की उरलेलं शेवाळ पुन्हा वाढतं आणि औषध वाया जातं. मध्ये दोनदा लाईट गेली. पंप बंद असताना ओतलेलं हायपो एका कोपऱ्यात बसून राहतं, म्हणून लाईट येईपर्यंत डोस थांबवला.

हिरवट झाक गेली, पाणी करड्या धुक्यासारखं झालं. हे मेलेलं शेवाळ, ते फिल्टरनेच काढायचं. मामा सवयीने रोज सकाळी बॅकवॉश (पाणी उलटं सोडून वाळू धुणं) घेत. ते थांबवलं. स्वच्छ वाळूपेक्षा थोडी मळलेली वाळू बारीक कण जास्त धरते. धुतल्यावर दाबाचा गेज ०.८ किलो दाखवायचा, तो १.३ पर्यंत चढला की मगच बॅकवॉश, त्याआधी नाही. पाणीही वाचलं. वाळू बदलायची गरज निघालीच नाही. तुरटीचं म्हणाल तर तिने कण तळाशी बसले असते, पण तो गाळ पुन्हा 'वेस्ट'वर ओढावा लागला असता, म्हणजे आणखी पाणी गेलं असतं.

खरी प्रगती कळते रात्रीच्या टेस्टने. सूर्य मावळल्यावर एक वाचन, पहाटे ऊन यायच्या आत दुसरं. रात्री ऊन खात नाही, पोहणारे नाहीत; जे क्लोरीन कमी झालं ते पाण्यातल्या घाणीनेच खाल्लं. सुरुवातीला हा फरक ६ होता, मग ४, मग २. तेवढ्यात एका संध्याकाळी वळवाचं वादळ आलं. पाऊस चार थेंब, धूळ मात्र घमेल्यांनी, वर कडुनिंबाचा पाला. दुसऱ्या पहाटे फरक पुन्हा ५. मालकांचा धीर तिथे सुटला. जाळीने पाला काढला, पातळी परत ३१ वर नेली, दोन रात्रींत ते भरून आलं.

थांबायच्या अटी तीन होत्या आणि तिन्ही एकदमच पूर्ण व्हायला हव्यात: जोडलेलं क्लोरीन ०.५ किंवा त्याखाली, रात्रीचा फरक १ पीपीएमच्या आत, आणि खोल टोकाच्या जाळीचे स्क्रू काठावरून मोजता येतील इतकं पाणी निवळ. जाळी आधी दिसली. जोडलेलं क्लोरीन एक दिवस उशिरा उतरलं. तो एक दिवस मालकांना फार जड गेला, कारण पाणी डोळ्यांना निळंशार दिसत होतं. मग डोस बंद करून ऊन आपलं काम करेपर्यंत थांबलो. १० च्या खाली आल्यावर कुलूप निघालं. वास अजिबात नव्हता आणि त्या दिवशी पाण्यात मोकळं क्लोरीन आधीच्या पाचपटीहून जास्त होतं.

आता रोज

मोकळं क्लोरीन ६ ते ८. किटच्या डब्यावर १ ते ३ लिहिलेलं असतं. ते ८० सायन्युरिकच्या पाण्याला लागू नाही, हे मामांना वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं. हायपो रोज संध्याकाळी, ऊन उतरल्यावर. लागतं दोन ते तीन पीपीएम. कॅन एका वेळी आठवड्यापुरतेच आणायचे, शेडऐवजी खोलीत ठेवायचे, नवा कॅन आला की जारची टेस्ट. पीएच एक दिवसाआड, कारण बोअरच्या भरतीने तो चढतोच. सायन्युरिक महिन्यातून एकदा. पाण्यात उतरण्याआधी शॉवर सक्तीचा केला. मालकांना वाटलं पाहुणे रागावतील, कुणी रागावलं नाही. रंगपंचमीच्या रंगात थेट उडी मारायची पद्धत मात्र पुढच्या वर्षी कशी थांबवायची यावर अजून एकमत नाही.

ओटीची बाटली मामांनी टाकली नाही. त्यांना ती ताबडतोब वाचायला सांगितली आहे, थेंब पडल्या पडल्या, आणि ती फक्त क्लोरीन अजिबात नाही का एवढंच बघायला.

गोळ्यांवरून मालकांशी अजून थोडी ओढाताण आहे. हायपो रोज हाताने ओतावं लागतं, गोळी फ्लोटरमध्ये ठेवली की काम झालं. तोडगा असा निघाला: मामा आषाढीला वारीला जातात तेवढे दिवस गोळ्या चालतील. तेव्हा ऊन कमी, पोहणारे कमी, आणि पाऊस नीट झाला तर ओसंडून जाणाऱ्या पाण्याबरोबर सायन्युरिकही थोडं थोडं उतरेल. ऑफिसच्या छपराच्या पन्हाळीला पाइप जोडून ते पाणी तलावात घ्यायचं कामही त्याआधी उरकायचं आहे. पहिल्या दोन पावसांचं पाणी बाहेर सोडून.